काय दिलं होतं?

पहिली ओकारी मंगळवारी, संध्याकाळी सात वीस.
तीन चमचे पेज, वर तुपाचा थेंब.
मी कॅलेंडरवर पेन्सिलीने टिंब केलं
आणि फडकं भिजत टाकलं.
एक टिंब. त्यात काय एवढं.

शनिवारपर्यंत चौकोनात जागा उरली नाही,
म्हणून वही काढली.
वेळ, काय दिलं, किती, रंग, वास, कारण.
कुंडईच्या कारखान्यात आठ वर्षं हेच करते आहे,
पॅकिंग, लाइन दोन, रकाने भरायचे.
आणि हसू नका,
लाइन दोनवर बाटल्यांत जे भरलं जातं
ते ओकारी थांबवायचंच औषध,
संत्र्याच्या वासाचं, लहान मुलांसाठी.
मिनिटाला साठ बाटल्या माझ्यासमोरून सरकतात,
मी फक्त बघते
झाकण नीट बसलंय का.

सासूमाय विचारते, काय दिलं होतंस?
फिलोमेना कुंपणापलीकडून, कितें दिल्लें गो तिका?
डॉक्टर कुलासो चष्मा कपाळावर सारून, काय दिलं होतं?
दिलं की.
नाचण्याचं तिजान दिलं, गाळून.
अर्धं रसबाळी केळं, काट्याने चेचून.
डब्यातलं दूध, उकळून निवलेल्या पाण्यात, सपाट चमच्याने मोजून.
सगळं आत गेलं आणि सगळं
माझ्या खांद्यावरून परत आलं,
कधी जसंच्या तसं, कधी फाटून,
एकदा तर ती हसत असताना, मधेच.

काय द्यायचं थांबवलं, हे कुणी विचारलं नाही.

अकरा महिन्यांची होती. शिफ्ट बदलली,
माशेलच्या स्टॉपवर पहाटे पावणेसहाची बस.
अंगावरचं तोडायला हवं, सगळ्याच म्हणाल्या,
आणि सासूमायने किरायतं उगाळून दिलं.
लाव, दोन दिवसांत विसरेल.
मी लावलं.
माझ्या शिरीनने एकदाच चाखलं.
रडली नाही. नुसतं वर पाहिलं,
रोजच्या दाराला नवं कुलूप दिसावं
तसं.

तो कडूपणा वहीत नाही.
तिथे रंग आहे: पांढरा. पिवळसर. पाण्यासारखा.

बांबोळीला सिस्टर लिबेरातानं तिसऱ्या टोचणीत शीर पकडली.
पोटाचा फोटो, रक्त, शी, लघवी.
सगळं नॉर्मल, म्हणाले,
आणि मी तिथल्या बाकावर बसून खूप रडले,
नॉर्मल ऐकून कोण रडतं?
वजन दोनशे ग्रॅम खाली.
घरी येऊन सासूमायने मीठमिरच्यांनी दीष्ट काढली,
मिरच्या जळल्या, कुणाला ठसका लागला नाही,
बघ, म्हणाली, होतीच.
मी मान हलवली. तेवढंच एक उत्तर
त्या आठवड्यात कुणी ठामपणे दिलं होतं.

बुधवारी लाइनवर उभी असताना
झग्याखाली ब्लाउज भिजला.
आटलं म्हणतात ते आटलेलं नव्हतं.
बाटल्या पुढे गेल्या, बावीस झाकणं मी पाहिलीच नाहीत,
सुपरवायझर गावणेकर ओरडला, मग माझ्याकडे बघून
दुसरीकडे बघू लागला.

त्या रात्री तिला पाजलं नाही.
धीर झाला नाही, की हट्ट, ठाऊक नाही.
नुसतं उघड्या अंगावर घेऊन पडून राहिले,
तिने तोंड लावलं नाही, गाल टेकला.
साडेनऊला पेजेचं पाणी, दोन चमचे.
दहा. साडेदहा. फडकं हातात तयार.
पहाटे उठले तर फडकं कोरडं.

आमच्याकडे नियम आहे,
रकाना रिकामा ठेवायचा नाही,
तिरकी रेघ मारायची आणि खाली सही.
त्या दिवसापासून चौदा दिवस काही पडलेलं नाही.
डॉक्टर म्हणतात, होतं असं कधीकधी, सोडून द्या.
वही अजून शिवणयंत्राच्या खणात आहे.
‘कारण’ खालचे एकोणतीस चौकोन पांढरे.
परवा पेन घेऊन बसले होते,
शिरीन मांडीवर, टोपणासाठी झोंबत.
रेघ मारली नाही.